पाइपाभोवतीची फरशी
घर बांधताना : भाग ९

बाथरूमचा ढाळ मागच्या भागात झाला. आता त्याच फरशीतून वर डोकावणारे पाइप.

पाइपाभोवती फरशी कापून बसवायची ही डोकेदुखी थंड मुलखात रेडिएटरच्या नळ्यांपाशी होते. भद्रावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे रेडिएटर कोण बसवणार! पण सोलर हीटरचा गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप आणि संडासाचा चार इंची पाइप इथेही आहेतच.

बहुतेक मिस्त्री कापायचं मशीन आधी उचलतात. माझ्या मते त्याआधी फरशी कोरडी मांडून पाहावी, म्हणजे सांधा नेमका कुठे पडतो ते कळतं. तो पाइपाच्या मधोमध आला तर काम सोपं : दोन्ही फरश्यांच्या कडेतून अर्धा-अर्धा गोल काढायचा. पाइप फरशीच्या मध्यावर आला आणि वर एल्बो आधीच चिकटवलेला असला, तर फरशी वरून उतरणारच नाही. मग आधी भोक पाडा आणि त्याच्या केंद्रातून फरशी सरळ दुभागा. पात्याने खाल्लेली फट बाकीच्या सांध्यांएवढीच दिसते. भोक आणि कड यांच्यामध्ये बोटभर पट्टी उरत असेल, तर मात्र मांडणीच सरकवा. ती पट्टी टिकत नाही.

शहाबादी फरशीला छिन्नी-हातोडी चालायची. व्हिट्रिफाइड फरशी अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, इतकी ती घट्ट असते. तिला डायमंडचा होल सॉच हवा, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून आणि पाणी सोडत. चौकोनी खाच नको. भाजलेली माती दाब सोसते, ताण सोसत नाही, आणि तडा कोपऱ्यातूनच निघतो. कृष्णमूर्ती मिरमिरांच्या ग्रामोदय संघामुळे मातीकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात हे वेगळं सांगायला नको.

भोक किती मोठं? पाइपाला घट्ट बिलगलेली फरशी पाहून घरमालक खूश होतो, पण ते काम चुकलेलं असतं. चारी बाजूंनी एक सूत, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, जागा सुटली पाहिजे. तीन मीटर सीपीव्हीसी पाइपातलं पाणी ४० अंशांनी तापलं, तर पाइप सात-आठ मिलिमीटर लांबतो. लोखंडी असता तर जेमतेम दीड. जाडीत फरक नगण्य, पण लांबणारा पाइप भोकातून वर-खाली घासतो, आणि फरशीखाली आडवा गेला असेल तर कडेला रेटतो. त्या फटीत पांढरं सिमेंट भरलं, तर ते भुगा होऊन निघतं. सिलिकॉन भरा, ते पाइपाबरोबर ताणलं जातं. वरून स्टीलची चकती बसवली की फट झाकली जाते, कापाची कड थोडी खडबडीत असली तरी चालते.

सिलिकॉनच्या भरवशावर मात्र राहू नका. पाणी अडवायचं ते खालच्या वॉटरप्रूफिंगने, आणि ते पाइपाच्या अंगावर वर चढवलेलं हवं. ते कसं करायचं, ते पुढच्या आठवड्यात.