बेरिलियमचे धातुक: दिसणारे स्फटिक आणि न दिसणारे कण

पाचू, ॲक्वामरीन आणि मॉर्गनाइट ही बेरिल या एकाच खनिजाची रत्नरूपे असल्यामुळे बेरिलियम हा धातू रत्नांच्या खाणीतून मिळत असावा, हा समज बराच रूढ आहे. वस्तुतः पाचूचा हिरवा रंग बेरिलियममुळे नव्हे, तर क्रोमियम वा व्हॅनेडियमच्या अत्यल्प अंशामुळे येतो. शुद्ध बेरिल रंगहीन असते, आणि धातूसाठी वापरले जाणारे बेरिल बहुधा इतके मळकट असते की जवाहिऱ्या त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

मोठे स्फटिक म्हणजे समृद्ध साठा, ही समजूतही तितकीच फसवी आहे. मादागास्करमधील मालाकियालिना येथे पेग्मटाइटमध्ये, म्हणजे मॅग्मा निवण्याच्या अखेरच्या टप्प्यात तयार झालेल्या भरड कणांच्या अग्निज खडकात, सुमारे 18 मीटर लांबीचा बेरिल स्फटिक आढळला होता; तरीही जगातील बेरिलियमचा मोठा वाटा अमेरिकेतील यूटा राज्याच्या स्पोर माउंटनमधून येतो, जिथे बर्ट्रंडाइट हे खनिज ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या टफ खडकात नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात विखुरलेले आहे. तेथील धातुकात बेरिलियम सरासरी अवघे 0.25 टक्के असल्याने ते नजरेने ओळखता येत नाही. म्हणून अँटिमनी-124 या किरणोत्सारी समस्थानिकाचे गॅमा किरण खडकावर सोडून बेरिलियमच्या अणुकेंद्रकांतून बाहेर पडणारे न्यूट्रॉन मोजणारे बेरिलोमीटर हे उपकरण वापरले जाते.

इतके विरळ धातुक परवडते, याचे कारण रसायनात आहे. बर्ट्रंडाइट सल्फ्युरिक आम्लात विरघळते, तर चिवट बेरिल आधी सुमारे 1,650 अंश सेल्सिअसला वितळवून पाण्यात झपाट्याने थंड करावे लागते, तेव्हा कुठे आम्लाची मात्रा चालते.

धातू हलका म्हणून धातुकही हलके असते, असेही नाही: बेरिलियमची घनता 1.85 असली, तरी बेरिलची 2.6 ते 2.9, म्हणजे जवळजवळ गारगोटीइतकीच असते.

विषारीपणाबाबत मात्र तारतम्य हवे. बेरिलचा स्फटिक हाताळण्याने अपाय होत नाही. धोका असतो तो मुख्यतः धातू, त्याचे ऑक्साइड आणि प्रक्रियेतील क्षार यांची सूक्ष्म धूळ वा धूर श्वासावाटे आत जाण्याचा, कारण त्यातून संवेदनशील व्यक्तींमध्ये फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार उद्भवू शकतो, आणि तो संपर्क थांबल्यानंतर कित्येक वर्षांनीही प्रकट होतो.