शिवराईवरचा कळंक आणि नाण्यांची प्रतवारी

शिवछत्रपतींच्या काळापासून पेशवाईनंतरही महाराष्ट्रात चाललेले तांब्याचे नाणे म्हणजे शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, एवढाच तिचा मजकूर. आज नाण्यांच्या प्रदर्शनांत सर्वांत जास्त हाताळले जाणारे नाणे हेच असेल, आणि चिंच, लिंबू, घासण्याची पूड यांनी सर्वांत जास्त बिघडवलेलेही हेच. चकचकीत नाण्याला चार पैसे जास्त मिळतात, असा समज या उद्योगामागे आहे. माझे म्हणणे असे, की जुन्या नाण्याचा पृष्ठभाग हा त्याच्या पुराव्याचाच भाग आहे. म्हणून प्रतवारी करताना झीज, छाप आणि पृष्ठभाग या तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडायला हव्यात, आणि गंज चालू असेल तेव्हाच नाण्यावर इलाज करायला हवा.

प्रतवारीची आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी एक ते सत्तर अंकांची पद्धत विल्यम शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ साली मांडली. ती अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंटसाठी होती आणि तिचा उगम बाजारभावात होता. अगदी झिजलेल्या नाण्याला जो भाव, त्याच्या सत्तरपट भाव सर्वोत्तम नाण्याला, असा तो हिशेब. पुढे १९८६ आणि १९८७ मध्ये पीसीजीएस व एनजीसी या प्रतवारी करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि नाणे प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून त्यावर अंक लावण्याची प्रथा पडली. ठरावीक साच्याची, टांकसाळीतून एकसारखी निघालेली नाणी मोजायला ही पद्धत सोयीची आहे. शिवराई मात्र हातोड्याच्या घावाने पडत असे. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे मजकुराचा एखादा भाग नाण्याबाहेरच राही. अक्षर दिसत नाही ते झिजल्यामुळे की मुळात उमटलेच नसल्यामुळे, हे एका अंकातून कळणार नाही. नाणे उजेडात तिरपे धरले, तर मात्र पुष्कळदा कळते. झिजलेल्या अक्षराचा माथा सपाट आणि गुळगुळीत असतो, तर कच्च्या छापाचे अक्षर कडेला विरून जाते आणि तिथे मूळ तुकड्याचा खडबडीतपणा शिल्लक असतो.

अंकाने दोष ठरावा तेच ऐतिहासिक धन निघावे, याचे सर्वांत ठळक उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे. १९०६ साली तिथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा त्यामुळे विद्रूप झाला. निव्वळ देखणेपण मोजणारा ही नाणी खालच्या प्रतीत टाकील. पण सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केल्याची साक्ष त्या विद्रूपतेतच आहे. शिवराईचेही तसेच. ‘शिव’ आणि ‘सिव’, ‘पति’ आणि ‘पती’ असे लेखनभेद, अक्षरांचे वळण, कडेच्या ठिपक्यांची रचना यांवरून अभ्यासक तिचे प्रकार पाडतात. एक वेलांटी गेली तर नाण्याचा प्रकारच हरवतो.

चिंच-लिंबाचा धोका इथेच आहे. शेकडो वर्षे जमिनीत राहिलेल्या तांब्यावर आधी तांबूस-तपकिरी ऑक्साइडचा आणि त्यावर हिरव्या कार्बोनेटचा थर बसतो; हाच कळंक. मूळ पृष्ठभागाचे बारकावे पुष्कळदा या थरातच टिकलेले असतात, कारण त्याखालचा धातू आधीच खाल्ला गेलेला असतो. आम्लाने थर विरघळतो आणि त्याबरोबर अक्षराची कडही जाते. उरते ते गुलाबी, खड्ड्याखड्ड्यांचे तांबे. वजनही घटते, आणि वजन हा तर नाण्याच्या अभ्यासातला मूलभूत पुरावा.

यावर पहिला आक्षेप असा, की थर काढल्याशिवाय नाणे वाचायचे कसे? आक्षेप रास्त आहे. पण वाचण्यापुरती माती काढणे वेगळे आणि तांबे उघडे पाडणे वेगळे. तांब्याचे नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवावे, पाणी बदलत राहावे, आणि भिंगाखाली लाकडी काडीने माती सोडवावी. एवढ्याने भागत नसेल तर थांबावे. शिशाच्या सातवाहन नाण्यांना मात्र हा उपायही लागू नाही, कारण शुद्ध पाणी शिशाला खाते. लाकडी कपाटातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफेनेही शिशावर पांढरी भुकटी येते, म्हणून ती नाणी लाकडापासून दूरच ठेवावीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही गंज नाणे खाऊनच टाकतो, तेव्हा हात न लावणे म्हणजे नाणे मरू देणे. हे अगदी खरे. मातीतल्या किंवा खाऱ्या हवेतल्या क्लोराइडमुळे तांब्यात क्युप्रस क्लोराइड साचते. ओल आणि हवा मिळाली की त्याची फिकट हिरवी भुकटी होते, सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि ते पुन्हा तांब्याला लागते. कोकण-गोव्यातल्या पावसाळ्यात तर हे चक्र थांबतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे. जुना, स्थिर कळंक घट्ट आणि गुळगुळीत असतो. चालू गंजाचे ठिपके उजळ हिरवे, भुसभुशीत असतात आणि टोचले की पीठ पडते. असे नाणे इतरांपासून वेगळे करून सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहिली की ही क्रिया जवळजवळ थंडावते. पुढचा इलाज म्हणजे सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या सौम्य द्रावणात दीर्घकाळ भिजवणे, किंवा बेन्झोट्रायझोल हे गंजरोधक रसायन देऊन वर पॅरालॉइड या पारदर्शक राळेचे पातळ आवरण. पहिल्या इलाजात थराचा रंग बदलू शकतो, तर दुसऱ्यातले रसायन अपायकारक असल्याने ते हातमोजे घालून, मोकळ्या हवेत वापरावे लागते. म्हणून हे काम जाणत्या संवर्धकाकडे द्यावे.

तिसरा आक्षेप बाजाराचा: ग्राहकाला एकच अंक हवा असतो. पण प्राचीन नाण्यांसाठी एनजीसीनेच झिजेच्या दर्जाबरोबर छाप आणि पृष्ठभाग यांना प्रत्येकी पाचपैकी वेगळे गुण देण्याची रीत ठेवली आहे. बाजार ती पचवू शकतो, हे त्यावरून सिद्धच आहे. आपल्या लिलावकर्त्यांनी शिवराईच्या नोंदीत वजन, झीज, छाप, पृष्ठभाग आणि केलेले उपचार अशी पाच कलमे द्यावीत, आणि घासलेल्या नाण्याचा उल्लेख तसाच करावा. घासल्याने भाव पडतो हे विक्रेत्याला एकदा कळले, की चिंचेचा कोळ नाण्यांपासून आपोआप दूर राहील. संग्राहकानेही खरेदीच्या वेळी हीच पाच कलमे विचारावीत. भाव ठरवणारा तोच आहे, आणि म्हणून शिवराईवरची अक्षरे टिकवण्याची जबाबदारीही सर्वांत आधी त्याचीच आहे.