फुकटची हवा, महागडे तेल

पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते आणि तेल शंभर रुपये लिटरच्या घरात विकले जाते. तरीही वाहनमालक तेलासाठी रांगेत तिष्ठत राहतो आणि हवेच्या नळीकडे न पाहताच निघून जातो. या विसंगतीचे मूळ केवळ आळसात नाही. ते अर्थशास्त्रात आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीचा विचार देशात गांभीर्याने होऊ लागला. १९७८ साली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन स्थापन झाली. त्यानंतर बचतीच्या सूचनांचा कधी तुटवडा पडला नाही. परंतु गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आजही परदेशांतून आणावे लागते. उपदेश एवढा होऊनही सवय का लागली नाही?

याचे उत्तर हिशेबात सापडते. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी आणि लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी मोटार सुमारे ६६७ लिटर पेट्रोल पिते. अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार टायरमधील हवा योग्य राखल्याने सरासरी ०.६ टक्के, तर फार तर तीन टक्के इंधन वाचते. म्हणजे वर्षाकाठी चार ते वीस लिटर. एका मालकाच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे. देशातील कोट्यवधी वाहनांच्या बाबतीत ती तशी राहत नाही. व्यक्तीचा लाभ अल्प आणि समाजाचा मोठा, अशा ठिकाणी केवळ आवाहनाने काम भागत नाही.

इंधनापलीकडचा प्रश्न

शिवाय प्रश्न केवळ पैशांचा नाही. हवा कमी असलेल्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात दबतात आणि त्या घर्षणाने टायर आतून तापतो. शहरातील संथ वाहतुकीत हा दोष झाकला जातो. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासन् तास वेगाने जाताना तो उघड होतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या वार्ता येऊ लागल्या. २०२३ साली परिवहन विभागाला महामार्गाच्या तोंडाशीच टायर तपासून गुळगुळीत झालेल्या टायरांची वाहने परत पाठवावी लागली. ब्रेक ऑइलचीही कथा अशीच. ते हवेतील ओलावा शोषते, जुने झाले की लवकर उकळते आणि घाटाच्या लांब उतारावर पाय दाबूनही ब्रेक लागत नाही. असे वाहन समोरच्या दुचाकीस्वारावर आदळते, तेव्हा टाळलेल्या खर्चाची किंमत मोजणारा मनुष्य वेगळाच असतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य अपघात वेगाने घडले हे खरे. पण वेगात वाहन सावरण्याचे काम शेवटी टायर आणि ब्रेक यांनाच करावे लागते.

पंधरा वर्षांची मोकळीक

कायदा याबाबत काय करतो? टॅक्सी, ट्रक व बस यांना ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदा झाली की पंधरा वर्षे टिकते. या काळात पी.यू.सी. तपासणी होते, पण ती धूर पाहते, टायर पाहत नाही. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असा नियम आहे. ती मोजणारा कोणी नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते.

आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक चिरीमिरी, हा आक्षेप अनुभवातून आलेला आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. म्हणूनच प्रारंभ माफक असावा. पी.यू.सी. केंद्रावर गाडी येतेच. तेथेच टायरची खोली, हवेचा दाब आणि ब्रेकचे दिवे पाहून त्याची नोंद मालकाच्या हाती द्यावी. पहिल्या वेळी दंड नको. दोष दुरुस्त न करता वाहन पुन्हा आले, तरच कारवाई व्हावी. मोजमाप यंत्राने होणार असल्याने मर्जीला वाव कमी राहील.

मालकाचे कर्तव्य त्याहून सोपे आहे. महिन्यातून एकदा, गाडी धावून टायर तापण्यापूर्वी, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरावी आणि ब्रेक ऑइल ठरल्या मुदतीत बदलावे. कारखानदार यंत्रांच्या घसाऱ्यासाठी दरवर्षी तरतूद करतो, कारण झीज थांबत नाही हे तो जाणतो. मोटारीची झीजही थांबत नाही. तिची तरतूद मालकाने केली नाही, तर ती रक्कम कोणाकडून तरी वसूल होतेच. आणि पुष्कळदा तो मनुष्य त्या मोटारीत बसलेलाही नसतो.