सागराचे कान – लेखांक सहावा : न दिसणाऱ्यांची खानेसुमारी

पाण्यातून ध्वनी दर सेकंदास सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, कसा जातो हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. आता त्या ध्वनीच्या आधारे एखाद्या प्राण्याची गणती कशी करतात हे समजून घेण्यासाठी मेक्सिकोच्या वायव्येस, कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या अगदी उत्तर टोकाशी जावे लागेल. तेथल्या गढूळ आणि उथळ पाण्यात, आणि जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही नाही, असा व्हाकिता नावाचा, जेमतेम दीड मीटर लांबीचा एक शिंशुक, म्हणजे पॉर्पॉइजांच्या कुळातला प्राणी राहतो. तो इतका भिडस्त, की १९५८ साली शास्त्राच्या दप्तरी त्याची पहिली नोंद झाली ती जिवंत प्राणी पाहून नव्हे, तर किनाऱ्यावर मिळालेल्या कवट्यांवरून.

असा प्राणी डोळ्यांनी मोजावयाचा म्हणजे मोठे जहाज, प्रबळ दुर्बिणी, शांत समुद्र आणि भरपूर द्रव्य यांचा योग जुळून यावा लागतो. १९९७ च्या पाहणीत व्हाकितांची संख्या अनुमानाने ५६७ निघाली आणि २००८ च्या पाहणीत ती २४५ च्या आसपास आली. मधल्या अकरा वर्षांत काय घडत होते, याचा विश्वासार्ह हिशेब कोणापाशीच नव्हता. शिवाय या पद्धतीत एक मूलगामी कुचंबणा आहे : प्राणी जितके विरळ होत जातात तितके ते कमी दिसतात आणि अनुमानातील अनिश्चितता तितकीच वाढत जाते, म्हणजे नेमक्या ज्या वेळी अचूक आकड्याची निकड असते त्याच वेळी आकडा संदिग्ध होऊन बसतो.

व्हाकिता दिसत नसला तरी मुका नाही. भक्ष्य हुडकण्यासाठी आणि मार्ग ओळखण्यासाठी तो अखंड ‘टिक्‌टिक्’ करीत असतो. मात्र या टिका १३० किलोहर्ट्‌झच्या आगेमागे, म्हणजे मानवी कर्णाच्या २० किलोहर्ट्‌झच्या मर्यादेच्या कितीतरी वर असतात, आणि त्यांतील एकेक टीक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकीच टिकते. (आपल्या कोकण किनाऱ्यावरचा, पाठीवर पर नसलेला भुलगा याच कुळातला, आणि त्याच्या टिकाही याच धर्तीच्या, लाटांतून क्षणभर डोके काढून नाहीसा होणाऱ्या त्या प्राण्याविषयी आपल्याला इतके थोडे ज्ञान असावे, यात नवल ते काय?) इतका उच्च ध्वनी पाण्यात त्वरेने विरतो, आणि प्राणी तो समोरच्या दिशेनेच, अरुंद झोतात सोडतो, म्हणून त्याने पाठ फिरवली की काही शे मीटरांवर ठेवलेल्या यंत्रालाही त्याचा पत्ता लागत नाही.

इंग्लंडातील कॉर्नवॉल येथील निक ट्रेगेंझा यांनी सिद्ध केलेले सी-पॉड हे यंत्र ध्वनी साठवून ठेवण्याच्या भानगडीत पडत नाही. नाक्यावरील कारकून जसा वाटसरूंची संभाषणे लिहून न घेता केवळ कोण, केव्हा, कोणत्या वाहनाने गेला एवढेच टिपून ठेवतो, तसे ते प्रत्येक टिकेची वेळ, कंप्रता, अवधी आणि तीव्रता एवढाच तपशील नोंदते, आणि या काटकसरीमुळेच साध्या सेलांवर ते महिनोनमहिने पाण्याखाली राहू शकते. कोळंब्यांचे कडकडाट, वाळूची घासण, नावांची खोली मोजणारी यंत्रे यांच्या गदारोळातून व्हाकिता निवडून काढावयाचा तो टिकांच्या मालिकेवरून. कारण प्राण्याच्या दोन टिकांमधील अंतर क्रमाक्रमाने कमीअधिक होत जाते, तर आगंतुक आवाजांत ती संगती सहसा नसते.

२०११ पासून, आर्मांदो हारामियो-लेगोरेता यांच्या नेतृत्वाखाली, व्हाकितासाठी राखलेल्या क्षेत्रात ४६ ठरावीक ठिकाणी ही यंत्रे दरसाल जून ते ऑगस्ट या मुदतीत उतरविण्यात येऊ लागली. हीच मुदत निवडण्याचे कारण अगदी व्यवहाराचे होते : मासेमारीच्या भर हंगामात जाळ्यांनी यंत्रेच ओढून नेली असती. यंत्रे उतरविण्याचे आणि उचलण्याचे काम तिथल्याच कोळ्यांनी आपल्या होड्यांतून केले. टिका किती हे यंत्र सांगते, प्राणी किती हे सांगत नाही. एकच बडबड्या व्हाकिता दहा मौनी व्हाकितांइतका भरू शकतो. परंतु तीच ठिकाणे, तोच हंगाम आणि तीच यंत्रे वर्षानुवर्षे कायम ठेवली, तर टिकांच्या संख्येतील वाढघट हे प्राण्यांच्या वाढघटीचे प्रतिबिंब मानता येते. २०११ ते २०१५ या काळात हे प्रतिबिंब दरसाल सरासरी ३४ टक्क्यांनी आक्रसत गेले. वाचकांनी कागदावर मांडून पाहावे : शंभराचे सहासष्ट, मग चव्वेचाळीस, मग एकोणतीस, आणि चौथ्या वर्षी एकोणीस.

ऱ्हासाचे कारण गूढ नव्हते. तोतोआबा नावाचा एक मोठा मासा याच पाण्यात राहतो. त्याच्या शिकारीस १९७५ पासून मनाई असली तरी त्याच्या पोटातील हवेच्या फुग्यास चीनमध्ये अफाट किंमत येते, आणि त्याच्यासाठी चोरून लावलेल्या जाळ्यांत व्हाकिता अडकून बुडून मरतो. एप्रिल २०१५ मध्ये मेक्सिको सरकारने दोन वर्षांसाठी अशा जाळ्यांना बंदी घातली आणि २०१७ मध्ये ती कायम केली. फर्मान निघाले, बंदोबस्त मात्र अपुरा राहिला. यंत्राच्या मर्यादेचा खरा अर्थ येथे उघड होतो, कारण पाण्यात उभे राहिलेले जाळे आवाजच करीत नाही. माझ्या मते यंत्राने आपले काम चोख बजावले. कागदावरचा आकडा समुद्रातल्या जाळ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम दुसऱ्यांचे होते.

२०१७ च्या शरदात उरलेले व्हाकिता पकडून सुरक्षित ठेवण्याचा प्रयत्न झाला तेव्हाही शोधनौकांना दिशा दाखविली ती या यंत्रांनीच. परंतु पकडलेली एक प्रौढ मादी दगावली आणि तो उपक्रम तेथेच थांबला. २०२३ च्या पाहणीत ध्वनियंत्रांच्या सूचनेवरून दुर्बिणी योग्य जागी वळविण्यात आल्या आणि निरीक्षकांच्या अंदाजाने दहा ते तेरा व्हाकिता आढळले. पुढल्या वर्षी तो अंदाज सहा ते आठांवर आला.

बाल्टिक समुद्रात २०११ ते २०१३ या काळात आठ देशांनी मिळून तीनशेहून अधिक ठिकाणी हीच यंत्रे उतरविली होती. टिकांवरून थेट प्राण्यांच्या संख्येकडे जाण्याचे धाडस तेथे कसे केले गेले, ते पुढील लेखांकी.