बिनहाडाचा खांदा आणि त्यावरचा हात

घोड्याचा सांगाडा नीट पाहिला तर एक उणीव चटकन नजरेत भरते. त्याचे पुढचे पाय धडाला कुठेच हाडाने जोडलेले नाहीत. माणसाला असते तसे कॉलरबोन घोड्याला नसते. चारशे-पाचशे किलोच्या घोड्याचे धड दोन पायांच्या मध्ये नुसत्या स्नायूंच्या आणि चिवट पडद्यांच्या आधारावर झोळीसारखे टांगलेले असते. त्यातही उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्याच पायांवर येतो. स्वार बसला, उडी मारली, उतार उतरला, की प्रत्येक हिसका हीच झोळी झेलते. गुडघ्याखाली मात्र सगळे उलट. तिथे मांस जवळजवळ नाहीच. हाडे, कंडरा आणि कातडी. म्हणून घोड्याची मालिश करणारा जाणता माणूस मान, खांदा, पाठ आणि पुठ्ठे यांवर जोर लावतो आणि गुडघ्याखाली हात अगदी हलका ठेवतो.

बैलाची रचना याबाबतीत अशीच आहे. त्यालाही कॉलरबोन नाही, आणि त्याच्या तर मानेवर, वशिंडाच्या पुढ्यात, जू बसते. गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथे घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. बांधीतली ओढ पिढ्यानपिढ्या बैलांनी आणि रेड्यांनी काढली. जनावराचे अंग रगडण्याची विद्या इथे पाहायची असेल, तर ती पागेपेक्षा गोठ्यात सापडते, आणि तीही एका ठरलेल्या संध्याकाळी. तिच्याकडे वळण्याआधी घोड्याचे पाहू, कारण या विषयाचा लिखित इतिहास घोड्याभोवतीच जमला आहे.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने घोडेस्वारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात सईसाला त्याची स्पष्ट ताकीद आहे: कण्यावर कोणतेही अवजार चालवायचे नाही, तिथे हातानेच आणि केसांच्या दिशेनेच चोळायचे. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान, गंध आणि माळा देण्याचा नियम त्यात घातलेला आहे. शालिहोत्राच्या नावावर तर अश्ववैद्यकाची सबंध परंपराच उभी आहे. मराठी फौजांत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. दोघांच्याही घोड्याला रोज खरारा लागे, आणि तो करणारा मोतद्दार असे. आजचा गोंदिया जिल्हा ज्या मुलखात येतो, तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यांचे घोडदळ १७४०च्या दशकात थेट बंगालपर्यंत जाऊन आले. एवढी दौड स्वारांच्या नावावर नोंदली गेली. मुक्कामावर घोड्यांची अंगे रगडणाऱ्या मोतद्दारांना इतिहासात फारशी जागा मिळाली नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

खरारा म्हणजे निव्वळ साफसफाई नव्हे. दातेरी खराऱ्याने गोल फिरवून धूळ आणि मेलेले केस सैल करायचे, मग ब्रश, मग गवताची पिळून केलेली जुडी घेऊन मांसल भागांवर थापटत रगडायचे. घोडदळांमध्ये ही शेवटची पायरी व्यायामासारखी मानली जाई, कारण थाप बसताच स्नायू आवळतो आणि लगेच सैल पडतो. आजची मालिशही याच क्रियांवर उभी आहे: तळव्याने लांब हात फिरवणे, मुठीने दाब देणे, मळणे, स्नायूच्या धाग्यांना आडवे चोळणे, थापटणे. विसाव्या शतकात जॅक मीगर या अमेरिकन मालिशतज्ज्ञाने खेळाडूंवर वापरायची पद्धत घोड्यांवर आणली. त्याचे याविषयीचे पुस्तक १९८५ साली निघाले आणि पाश्चात्त्य देशांत या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप मिळाले.

पण घोड्याला हे सुख माणसाने शिकवलेले नाही. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या उंचवट्याजवळ दातांनी हलके खाजवताना दिसतात. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. नेमक्या याच जागी माणसाने हाताने खाजवले, तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यात आढळले. अंगावर दुसरीकडे खाजवून तो परिणाम मिळाला नाही. म्हणजे जागा ठरलेली आहे आणि ती घोड्यांनीच ठरवलेली आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मालिशनंतर घोड्यांच्या पाठीची दाब सोसण्याची क्षमता वाढलेली दिसली. मालिशमुळे घोडा शर्यत जिंकतो, असा निष्कर्ष मात्र यातून कोणी काढू नये.

मालिश लागू पडते आहे की नाही, हे घोडाच सांगतो. मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो, डोळे अर्धे मिटतात, तो जिभल्या चाटतो. कान मागे चिकटले, शेपटीचा फटका बसला, की तिथे दुखते आहे; हात आवरायचा. ताप, ताजी जखम, गजकर्णासारखा त्वचारोग किंवा कष्टानंतर लाकडासारखे ताठलेले स्नायू असतील, तर मालिश करायचीच नाही, पशुवैद्याला बोलवायचे.

आता ती संध्याकाळ. श्रावणातल्या अमावास्येला पोळा, आणि त्याच्या आदल्या दिवशी विदर्भात खांदशेकणी. बैलांना धुऊन आणतात, हळद आणि तूप किंवा लोणी एकत्र करतात, आणि पळसाच्या पानाने ते कोमट मिश्रण जू बसते त्या जागी चोळून खांदा शेकतात. मग बैलाला आवतण देतात: आज निमंत्रण, उद्या जेवण. हा विधी खरेच, पण त्याची वेळ पाहा. गोंदियाच्या या झाडीपट्टीत आषाढ-श्रावणात चिखलणी आणि रोवणी चालते. पाय रुततील अशा चिखलात ओढ सर्वांत जड असते. त्यात पावसाने भिजून कातडी मऊ पडलेली, आणि मऊ कातडीवर ओले लाकूड दिवसभर घासलेले. खांदा सुजणे, सोलपटणे, आत पू धरणे ही दुखणी याच दिवसांतली. पोळा येतो तो हे काम उरकत आल्यावर. उबेने रक्ताभिसरण वाढते, तुपाने कातडी लवचीक राहते. पण मला सगळ्यांत मोलाचे वाटते ते वेगळेच. त्या दिवशी मालकाचा हात बैलाच्या खांद्यावर सावकाश, प्रत्येक बोटभर जागेवरून फिरतो. गाठ असेल तर ती तेव्हाच लागते. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, त्यामुळे शेकलेल्या खांद्याला लगेच जू लागत नाही. सूज गरम आणि टणक असेल, तर मात्र हळद-तुपावर भागत नाही. दवाखानाच गाठावा लागतो.

बैलाच्या खांद्याला निदान एक सण आहे. वरातीच्या घोडीला तोही नाही. लग्नसराईत ती तासन्‌तास डांबरी रस्त्यावर, बँडच्या दणदणाटात, नवरदेव पाठीवर घेऊन उभी असते. नवरदेव उतरल्यावर तंग एकदम न सोडता हळूहळू सैल करावा, तिला थोडे चालवावे, मग खोगीर काढून धानाच्या तणसाची जुडी करून पाठ आणि खांदे रगडावेत. त्याआधी खोगिराखालची पाठ एकदा पाहावी. सगळी पाठ घामाने ओली आणि मधेच एखादा कोरडा ठिपका असेल, तर खोगीर तिथे जास्त दाबते आहे. गडद रंगाच्या घोडीच्या खांद्यावर पांढऱ्या केसांचा पुंजका दिसला, तर तो दाब फार दिवसांचा आहे. ते केस बहुधा पुन्हा गडद होत नाहीत, आणि अशा पाठीला मालिशच्या आधी दुसरे खोगीर लागते.