रस्त्यावरची रंगीत पिल्ले : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड अथवा बोरिवली ह्यांपैकी कोणत्याही उपनगरात शाळेच्या फाटकाबाहेर वा स्थानकाच्या वाटेवर पुठ्ठ्याच्या खोक्यात गुलाबी, हिरवी, जांभळी अशी कोंबडीची पिल्ले मांडून बसलेला विक्रेता ज्याने कधीच पाहिला नाही, असा मुंबईकर विरळा. भाजी घेताना जो गृहस्थ दहा प्रश्न विचारतो, तोच मुलाच्या हट्टापुढे हा जिवंत जिन्नस मात्र विनाचौकशी घरी आणतो. आणि जेथे चौकशीचा दस्तूर नसतो तेथे समजुतींचेच राज्य चालते. त्यांतील काही प्रमुख समजुतींची ही छाननी.

गैरसमज : रंगीत पिल्ले ही निराळी, कायम लहान राहणारी जात आहे.

वस्तुस्थिती : रंग वरून चढविलेला असतो. पहिली लव झडून तीन-चार आठवड्यांत खरी पिसे फुटली, की तो आपोआप नाहीसा होतो. रंगाखालचे पिल्लू बहुधा अंडी देणाऱ्या जातीतील नर असते, आणि त्याच्या स्वस्ताईचे मूळ हेच. उबवणी केंद्रात निपजणाऱ्या पिल्लांत निम्मे नर असतात. ते अंडी देत नाहीत, आणि ब्रॉयलर (ज्याला बाजारात सर्रास 'बॉयलर' म्हणतात) सुमारे सहा आठवड्यांत जे दोन किलो वजन गाठतो, ते ह्या नरांना त्याच्या दुप्पट काळातही साधत नाही. सबब जन्मल्या दिवशीच ते हिशेबातून वगळले जातात. जगातील पुष्कळ मोठ्या केंद्रांत त्यांची तत्काळ हत्या होते (जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ह्या प्रथेस कायद्याने बंदी घातली); आपल्याकडे त्यांतील काही अल्प दराने घाऊक व्यापाऱ्यांच्या हाती व तेथून पदपथावर येतात. जगले, तर त्यांचा पूर्ण वाढीचा कोंबडा होतो आणि दोन खोल्यांच्या सदनिकेतील गॅलरीतून तो पहाटे आरवू लागतो.

गैरसमज : अंड्याच्या आकारावरून नर-मादी कळते, आणि कमी-अधिक ऊब देऊन हवे ते लिंग मिळविता येते.

वस्तुस्थिती : ही समजूत फार जुनी. ॲरिस्टॉटलने लांबट, टोकदार अंड्यातून मादी निपजते असे लिहिले. पुढे रोमन लेखक प्लिनीने मादीचे श्रेय गोल अंड्याला दिले. एकाच प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे शतकानुशतके चालू शकली, कारण निम्म्या वेळा दोन्ही खरी ठरतात. वस्तुतः पक्ष्यांत लिंगनिश्चिती मादीच्या बीजावर अवलंबून असते : नराजवळ दोन 'झेड' गुणसूत्रे, तर मादीजवळ एक 'झेड' व एक 'डब्ल्यू', कोंबडीच्या बीजात ह्यांपैकी जे उतरेल, त्यावर अंडे घातले जाण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. पवई तलावातील मगरींची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंड्यांत लिंग खरोखरच उष्णतेने ठरते, पण तो न्याय कोंबडीस लागू नाही.

गैरसमज : पिल्लाला पाय धरून उलटे टांगले, किंवा त्याच्यावर दोऱ्याने अंगठी लोंबकळत ठेवली, की लिंग ओळखता येते.

वस्तुस्थिती : ह्या युक्त्यांना कोणताही आधार नाही. एक दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार हलकेच उघडून आतील सूक्ष्म उंचवटा पाहण्याची पद्धत मात्र शास्त्रशुद्ध आहे. जपानी शास्त्रज्ञ मासुई व हाशिमोतो ह्यांनी ती सिद्ध केली, १९२७ साली ओटावा येथील जागतिक कुक्कुट परिषदेच्या निमित्ताने ती पाश्चात्त्यांना ज्ञात झाली, आणि पुढे जपानी तज्ज्ञ देशोदेशी हे कसब शिकवीत फिरले. तो उंचवटा इतका लहान व त्याचे नमुने इतके विविध, की दीर्घ सरावाखेरीज नजर बसत नाही. निष्णात माणूस मात्र तासाला हजारभर पिल्ले निवडतो आणि शंभरात दोन-तीनच चुकतो. नवशिक्याने घरी हा प्रयोग केल्यास पिल्लाचे आतडे दुखावून ते दगावण्याची शक्यता अधिक.

गैरसमज : रंग किंवा पंख पाहून लिंग सांगणे ही निव्वळ लबाडी आहे.

वस्तुस्थिती : हा उलट टोकाचा गैरसमज. ऱ्होड आयलंड रेड नर व पट्टेदार प्लिमथ रॉक मादी ह्यांच्या संकरात नर पिल्लांच्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो, माद्यांच्या नसतो. काही वंशांत मादीच्या पंखांची मुख्य पिसे आच्छादक पिसांहून लांब, तर नराची दोन्ही जवळपास सारखी असतात. तथापि ही लक्षणे मुद्दाम जुळविलेल्या वंशांतच, आणि पंखांचे लक्षण तर पहिल्या दिवसापुरतेच विश्वसनीय असते. गुलाबी रंगात बुडविलेल्या, वंशाचा ठावठिकाणा नसलेल्या पिल्लाविषयी 'ही तलंगच (तरुण कोंबडीच) आहे' असा निर्वाळा देणाऱ्याच्या हाती कोणताही पुरावा नसतो.

गैरसमज : मुंबई उष्णच; पिल्लाला निराळी ऊब कशाला?

वस्तुस्थिती : पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि पुढे ते आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवीत न्यावयाचे असते. ते पुरविणाऱ्या साधनाला कुक्कुटपालक 'कृत्रिम दाई' म्हणतात. घरी खोक्यावर योग्य उंचीवर टांगलेला जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्बही चालतो. पिल्ले बल्बाखाली एकमेकांवर चढू लागली तर ऊब कमी, दूर पळून चोची उघडून धापू लागली तर जास्त, सर्वत्र पसरून चरू लागली तर बरोबर. जन्मापूर्वी पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरते, म्हणूनच ते दूरवर धाडता येते. पण आणल्या दिवशी ते टवटवीत दिसले, म्हणजे भाताची शिते त्याला पुरतील असे समजू नये. त्याला पिल्लांसाठीचे प्रथिनयुक्त खाद्य हवे, आणि बुडू नये म्हणून खडे घातलेल्या उथळ भांड्यात पाणी.

गैरसमज : विक्रेत्याने दिलेली औषधाची पूड म्हणजेच लसीकरण.

वस्तुस्थिती : पुडी बहुधा प्रतिजैविकाची असते, आणि मानमोडी किंवा राणीखेत हा आजार विषाणूजन्य असल्याने तिचा त्यावर काडीचाही परिणाम होत नाही. मरेक रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचतात. राणीखेतची साधारणतः पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब टाकून देतात. हिशेबातून वगळलेल्या नरावर हा खर्च करण्याचे कोणालाच कारण नसते. शिवाय दिसायला निरोगी पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुणे आवश्यक, आणि पिल्लाचा मुका घेणे वर्ज्य.

गैरसमज : कोंबड्यावाचून कोंबडी अंडी देत नाही.

वस्तुस्थिती : देते. कोंबड्याची गरज केवळ उबणाऱ्या, म्हणजे सजीव, अंड्यांसाठी.

एवढे ध्यानी घेतले, की खरेदीचा विवेक सोपा होतो. ज्यास अंडी हवीत, त्याने लिंगनिवड व लसीकरण झालेल्या, काही आठवडे वाढलेल्या तलंगा नोंद ठेवणाऱ्या केंद्रातूनच घ्याव्या. गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तेथे विचारणा करण्यापासून आरंभ करता येईल. ज्यास केवळ मुलाचे दोन दिवसांचे मन रमवावयाचे आहे, त्याने पिल्लू घेऊच नये, कारण पशुक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये प्राण्याला विनाकारण यातना देणे हा गुन्हा आहे. पदपथावरचे पिल्लू स्वस्त असते, ते ऊब, खाद्य, लस व जागा ह्यांचा सारा खर्च त्याच्या किमतीतून वगळलेला असतो म्हणून. तो चुकता करण्याची तयारी नसेल, तर ती किंमत पिल्लूच भरते.