गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं?

सकाळी सहा

नाशिकहून त्र्यंबकमार्गे जव्हारला जाणारी एसटी. जागा मिळाली की मी पिशवीतून गिऱ्हाइकांनी भरून पाठवलेले फॉर्म बाहेर काढते. वेबसाइटचा मजकूर लिहिणं हा माझा व्यवसाय. आज ज्यांच्याकडे जायचंय ते तिघेही मोखाडा-जव्हार पट्ट्यातले आहेत: खोडाळ्याच्या बाजूला होमस्टे चालवणारं एक कुटुंब, मोखाड्यातला नागलीचे पापड करणारा बायकांचा बचतगट आणि जव्हारजवळ बोहाड्याचे मुखवटे घडवणारे एक कारागीर.

होमस्टेच्या फॉर्मवर 'आपल्या व्यवसायाचं वैशिष्ट्य' या रकान्यात लिहिलंय, 'निसर्गरम्य परिसर, घरगुती जेवण, उत्तम सेवा.' हेच शब्द मला लोणावळ्याहून येतात, तारकर्लीहूनही येतात. यात लिहिणाऱ्याचा आळस नसतो. ज्या गोष्टीत आपला जन्म गेला, ती कुणाला सांगण्यासारखी आहे असं सहसा वाटत नाही. त्यात कोरा रकाना पुढे आला की शाळेतल्या निबंधाची भाषा हाताशी येते. त्यामुळे फॉर्मवरून मी नाव, पत्ता, फोन आणि दर एवढंच घेते. बाकीचं जाऊन, बसून, विचारून मिळवावं लागतं.

तोरंगणचा घाट येईपर्यंत मोबाइलला रेंज असते. तेवढ्यात या भागाबद्दल आधी कोणी काय लिहून ठेवलंय ते चाळून घेते. 'ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर' हे शब्द जव्हारच्या नावाला चिकटून बसलेत. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा दोन्ही तालुके त्यात गेले, तरी जुनी ओळ एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवली जाते. ज्या पानावर जिल्हाच चुकलाय, त्यावरच्या रस्त्याच्या माहितीवर पाहुण्याने कशाला भरवसा ठेवावा?

नऊ

मोखाड्याच्या स्टँडवर होमस्टेवाल्यांचा मुलगा मोटारसायकल घेऊन आलाय. माझं काम इथूनच सुरू होतं, कारण पाहुण्यांना आणायला हाच मुलगा येतो. मागे बसल्याबसल्या विचारलं, "गाडीवर बसले की लोक आधी काय विचारतात रे?"

त्याने क्षणभरही विचार केला नाही. "रेंज आहे का. मग आंघोळीला गरम पाणी मिळंल का. मग कमोड आहे का."

पानावर पहिल्या तीन गोष्टी कोणत्या हव्यात, ते ठरलं. आता प्रत्येकाचं खरं उत्तर हवं. रेंज अंगणाच्या वरच्या कोपऱ्यात येते, घरात येत नाही. पाणी चुलीवर तापवून देतात. कमोड एका खोलीला आहे, दुसऱ्या खोलीला नाही. तिन्ही उत्तरं पाहुण्याला निघण्याआधी हवी असतात, आणि तिन्ही त्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हती.

रस्त्याचंही तसंच. मुंबईचे पुष्कळ पाहुणे लोकलने कसाऱ्याला उतरून तिथून वर खोडाळ्याकडे येतात. स्वतःच्या गाडीने येणारे मॅप लावतात. "मॅप जवळचा रस्ता दाखवतो," मुलगा म्हणाला, "पण पावसात तिकडच्या मोरीवरून पाणी जातं. आम्ही फोनवर सांगतो, थोडं लांबून या." हे वाक्य घरातले लोक पावसाळाभर फोनवर सांगत असतात, पण लिहिलेलं कुठेच नाही. गाडी चालू असतानाच मी ते मोबाइलवर बोलून ठेवलं, कारण असलं काही संध्याकाळपर्यंत त्याच शब्दांत आठवत नाही.

दहा

ओसरीवर चहा आला. मुलाचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, समोर बसले आणि मी आता मोठमोठे प्रश्न विचारणार म्हणून सावरून बसले. असे प्रश्न मी विचारत नाही. शेवटचे पाहुणे कोण आले होते? कुठून आले? जाताना काय म्हणाले? कशावरून नाराज झाले? घडलेली गोष्ट विचारली की माणूस मोकळा होतो. मत विचारलं की तो पुन्हा 'उत्तम सेवा'वर येऊन थांबतो.

भाऊंनी मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगितली. एक कुटुंब धबधबा पाहायचा म्हणून आलं, आणि घरामागच्या कड्यावर नुसता काळा खडक. फोटो श्रावणातला पाहिला होता आणि आले होते मार्चच्या शेवटी. मग मी विचारत गेले: पाणी कधी पडायला लागतं? जूनच्या शेवटी. जोर कधी असतो? श्रावण-भादव्यात. आटतं कधी? दिवाळीनंतर. तो फोटो पानावर ठेवायचा, पण त्याखाली महिना लिहायचा, एवढं ठरलं.

यानंतर पाण्याचा विषय निघाला आणि भाऊ थोडे आखडले. मार्च सरला की इथल्या विहिरी खाली जातात, आणि मोखाडा तालुक्यातले कितीतरी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा-शहापूरच्या हद्दीवर उभं आहे. मुंबईतल्या ज्या घरांतून पाहुणे येतात, त्यांच्या नळाला या खोऱ्यातलं पाणी येतं, आणि खोऱ्यातल्या बाया हंडे घेऊन उतरणीला जातात. भाऊंच्या घरीही मे महिन्यात माणशी एकच बादली मिळते.

"हे लिहू नका मॅडम," ते म्हणाले. "असं लिहिलं तर येईल कोण?"

या जागी मी अडून बसते, आणि दर वेळी बसेन. मी विचारलं, "मेमधे आलेल्या पाहुण्याला एक बादली दिल्यावर तो काय म्हणतो?" म्हणाले, "भांडतो." "आणि ज्याला तुम्ही फोनवर आधी सांगता तो?" भाऊ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो नाय भांडत. एकदा एकजण येताना पाण्याचे कॅन घेऊन आला."

पानावर लिहिलं: एप्रिल-मेमध्ये आमच्या गावाला पाण्याची टंचाई असते, या दिवसांत आंघोळीला माणशी एक बादली मिळेल, पिण्याचं पाणी उकळून देतो. वाचून दाखवलं तेव्हा भाऊंनी आणखी एक वाक्य स्वतः जोडायला सांगितलं: "भरपूर पाणी पाहायचं असेल तर पावसात या." त्या पानावरचं सगळ्यात चांगलं वाक्य त्यांचंच आहे.

बारा

ओसरीवर माहिती देतो तो घरमालक, पण होमस्टे चालतो स्वयंपाकघरात. म्हणून मी आत जाते. इथे फार विचारावं लागत नाही, हात काय करतात ते बघायचं. सून नागलीची भाकर करत होती. नागलीच्या पिठाला चिकटपणा कमी, गार पाण्यात मळलं तर कडा फाटतात. तिने आधणाचं पाणी पिठात ओतलं, उलथण्याने कालवलं, थोडं निवल्यावर तळहाताने रगडून रगडून मळलं आणि हाताला पाणी लावत थापलं. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवला. शेजारी उडदाची आमटी रटरटत होती, आणि सासूबाई पाट्यावर खुरासणीची चटणी वाटत होत्या. 'घरगुती जेवण' या दोन शब्दांत यातलं काहीच येत नाही.

"एका वेळी किती माणसांचं करता?" मी विचारलं. ओसरीवर भाऊ पन्नास म्हणाले होते. सून सासूकडे बघून हसली. "बाराच्या पुढं भाकरी गरम देता येत नाय. मग भातावर भागवावं लागतं." पानावर बाराच लिहिलं, आणि भाऊंनीही हरकत घेतली नाही. त्यांनी पन्नास जेवताना पाहिलेत, पण थापायला ते कधी बसलेले नाहीत. काम करणाऱ्याला विचारल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही, हा माझा नियम आहे.

दोन

मोखाड्यात बचतगटाच्या खोलीत नऊ-दहा बायका आहेत आणि सगळ्या एकदम बोलतात. मी परवानगी घेऊन मोबाइल मधे ठेवते आणि एकीचं बोलणं दुसरीने तोडलं तरी थांबवत नाही, कारण चुकीची दुरुस्ती तिथल्या तिथे होते. एक म्हणाली, नागली आम्ही बाजारातून घेतो. लगेच दुसरी म्हणाली, "काय सांगते? माझी घरची आहे, वरकशीवरची." दोन्ही खरं होतं. काहींची स्वतःच्या डोंगरउताराच्या शेतातली, कमी पडली तर बाजारातली. पावसाळ्यात आवण लावायचं, दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापणी, आणि थंडी सरून ऊन कडक झालं की पापड. म्हणजे माल वर्षभर एकसारखा मिळत नाही, आणि गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये मोठी ऑर्डर द्यायला बघतं. पानावर महिने लिहिणं इथेही आलंच.

मापाचा घोळ निस्तरायला बराच वेळ गेला. त्या पायलीत बोलतात, गिऱ्हाईक किलोत मागतं, आणि पाकीट नगावर भरतात. शेवटी तराजू काढला, एक पाकीट वजन केलं, आत पापड किती ते मोजले आणि दोन्ही आकडे लिहिले. अन्नपदार्थाच्या पाकिटावर परवान्याचा नंबर लागतो. तो त्यांच्याकडे होता, पण एका ताईंच्या घरी पेटीत. ताई जाऊन कागद घेऊन आल्या आणि मी फोटो काढला. तोंडी सांगितलेला नंबर मी कधीच लिहून घेत नाही.

त्यांच्याकडे कोणीतरी आधी करून दिलेलं एक पत्रक होतं, त्यात नागलीने मधुमेह बरा होतो असं छापलेलं. ते काढायला लावलं. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे लिहावं. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, हेही लिहावं. औषधाचा दावा करू नये. पापड विकत घेणाऱ्याच्या घरात साखरेचा आजारी असतो, आणि तो छापील शब्दावर विश्वास ठेवून गोळी सोडू शकतो.

निघताना एका ताईंना विचारलं, गिऱ्हाइकाची तक्रार काय असते? "पापड जळला म्हणतात. तांदळाच्या पापडासारखा कडकडीत तेलात सोडतात ना!" मग तळायचं कसं ते त्यांनीच सांगितलं आणि मी त्यांच्याच शब्दांत उतरवलं. कृतीचा हा परिच्छेद पानाच्या वरच्या भागात जाईल.

साडेचार

जव्हारजवळ कारागिरांकडे. कागदाच्या लगद्याचे मुखवटे उन्हात वाळत होते. इथे माझे प्रश्न कमी, कारण हे काका थोडं बोलतात आणि नेमकं बोलतात. या भागात होळीच्या पुढेमागे आणि उन्हाळ्यात गावोगाव बोहाडा होतो, संबळ वाजतो, देवादिकांची सोंगं रात्रभर नाचत येतात. कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्यांच्या जुन्या पानावर सगळ्या मुखवट्यांना 'शोपीस' म्हटलं होतं.

मी फक्त एवढंच विचारलं, "यातलं कोणतं विकता आणि कोणतं नाही?" बोहाड्यात नाचवलेला, पूजा झालेला मुखवटा ते विकत नाहीत. विक्रीचे वेगळे बनवतात. ही रेघ पानावर स्पष्ट आली पाहिजे, म्हणजे शहरातलं गिऱ्हाईक 'खरा वापरलेला द्या' असा हट्ट धरणार नाही आणि काकांना रोज तेच समजावत बसावं लागणार नाही. पूजेच्या मुखवट्यांचे फोटो पानावर टाकायचे नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

सात

जव्हारच्या लॉजवर टिपणं साफ करते. ऐकलेलं, स्वतः पाहिलेलं आणि कागदावर तपासलेलं अशा तीन खुणा प्रत्येक ओळीपुढे असतात. जव्हारच्या इतिहासाची दोन वाक्यं होमस्टेलाही हवीत आणि मुखवट्यांच्या पानालाही. मुकणे घराण्याचं संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. 1664 साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांचा तळ शिरपामाळावर पडला होता, असं इथे सांगतात. राज्याच्या स्थापनेचं साल मात्र वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं सापडतं, म्हणून तिथे 'चौदावं शतक' एवढंच.

एसटीच्या वेळा मी पानावर घालत नाही. त्या बदलतात आणि पान तसंच राहतं. कोणत्या स्टँडवर उतरायचं आणि आगारात चौकशी कशी करायची, एवढं पुरे.

नऊ

मजकूर लिहून झाला की पाठवण्याआधी फोनवर वाचून दाखवते. पुष्कळांना स्क्रीनवर लांबलचक वाचायचा कंटाळा येतो आणि ते नुसतं 'ओके' लिहून मोकळे होतात. कानावर पडलं की लगेच टोकतात. भाऊंनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. सुनेने मागून ओरडून तिसरी सांगितली: रविवारी कोंबडी मिळते हे राहिलंय. बचतगटाच्या ताईंनी पाकिटाचं वजन पुन्हा म्हणून घेतलं.

मोखाड्यात, जव्हारमध्ये किंवा आणखी कुठे तुमचं दुकान, होमस्टे, गट असेल आणि वेबसाइट करायची असेल, तर लिहिणाऱ्याला बोलावण्याआधी आठ दिवस फोनजवळ एक वही ठेवा. जो फोन येईल त्यातला प्रश्न लिहा, आणि तुम्ही दिलेलं उत्तर त्याच शब्दांत खाली लिहा. फोन घरातल्या बायकांनी किंवा मुलांनी घेतला तर त्यांनाही लिहायला सांगा. ती वही लिहिणाऱ्याच्या हातात द्या.